निळ्या रांगोळीखालचं गाव

चौथीच्या वर्गात फरशीवर नदी वाहत होती. शिरोळेबाईंनी पेटीवर सूर धरला होता. मुलं निळी रांगोळी सोडत पुढं सरकत होती, आणि नदीकाठी ज्याचं गाव येईल तो त्याचं नाव गाऊन तिथं पिवळा ठिपका देत होता. भूगोल इतका गोड असतो, हे बाईंनाही आजच कळत होतं.

धरण आलं. मुलांनी हौसेनं ओंजळी रिकाम्या केल्या आणि निळंशार पाणी पसरलं. मग बाईंचं लक्ष सुगंधाकडे गेलं. पुनर्वसन वसाहतीतली ती पोर चिमटीत पिवळी रांगोळी धरून केव्हाची उभी होती.

"तुझं गाव कुठलं गं?"

"ह्याच्या खाली हाय, बाई."

पेटीचा भाता मिटला. हे बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आजी म्हणती, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो," सुगंधा पुटपुटली.

"मग उतरवू या की पाणी!" बाई म्हणाल्या.

मुलं गुडघ्यांवर बसली आणि वाकून हळुवार फुंकर घालू लागली. खिडकीतल्या उन्हात निळा धुरळा तरंगत राहिला. खालची काळी फरशी उघडी पडली.

सुगंधानं तिथं ठिपका दिला नाही. दारापुढं काढतात तसं इवलंसं कमळ काढलं. गावाचं नाव गायलं. मग जरा बाजूला सरली.

"आत या की, बाई."