टाकी ते टाकी

“अजून टाक,” निरंजन पंपावरच्या माणसाला म्हणाला. नळी आपोआप थांबली होती. पण त्याला टाकी काठोकाठ हवी होती, कारण मागच्या वेळीही ती काठोकाठच भरली होती. दोन भरण्यांमधले किलोमीटर आणि आज मावलेले लिटर यांचा भागाकार त्याने सूसच्या त्या पंपावर उभ्याउभ्याच केला. नऊ पूर्णांक एक दशांश. गाडी घेताना वीसचे अ‍ॅव्हरेज सांगितले होते.

तो गाडीत बायकोच्या, मेधाच्या, शेजारी येऊन बसला. “आज मी तुझ्या ऑफिसपर्यंत येतो. चूक तुझ्या चालवण्यात आहे की गाडीत, ते एकदाचं ठरू दे.”

मेधाने गाडी सुरू केली. चूक कशात आहे हे तिला ठाऊक होते. दहा आठवड्यांपूर्वी कंपनीने तिला एका लहान खोलीत बोलावून तिचा लॅपटॉप आणि ओळखपत्र काढून घेतले होते. घरी तिने ते सांगितले नव्हते. समोरच्या शैलेशची नोकरी गेली तेव्हा निरंजन जेवताना म्हणाला होता, “कामाच्या माणसाला कोणी काढत नाही,” आणि त्या एका विधानाच्या समर्थनार्थ अर्धा तास बोलला होता. दुसरी नोकरी मिळेपर्यंत त्याला काही कळू नये, एवढीच तिची धडपड होती.

म्हणून ती रोज नऊ वाजता डबा घेऊन निघे. माणच्या पुढे रस्ता फुटत असे. ऑफिसकडे न वळता ती घोटावड्याच्या बाजूला जाई आणि एका गोठ्याशेजारच्या आंब्याखाली संध्याकाळपर्यंत थांबे. निरंजन दर रविवारी किलोमीटरचा आकडा टिपून घेत असल्यामुळे, ऑफिसइतक्याच, बरोबर चौदा किलोमीटरवरचे ते झाड तिने शोधून काढले होते. अंतर जुळले, पेट्रोल जुळले नाही. मुलाखती फोनवर होत, बहुधा भर दुपारी. पलीकडच्या माणसाला म्हशींचे हंबरणे ऐकू जाऊ नये म्हणून काचा बंद, काचा बंद म्हणून एसी, आणि एसीसाठी इंजिन. असे रोजचे दोन तास.

निरंजनने मात्र उपायांत कसूर केली नव्हती. टायरची हवा मोजण्याचे स्वतःचे यंत्र आणले. डिकी रिकामी केली. रबरी पायपुसणीसुद्धा काढून ठेवली. सर्व्हिस सेंटरमध्ये दोनदा जाऊन आला. गिअर केव्हा बदलावा, हे मेधाला दर रविवारी नव्याने समजावून सांगितले. ती ऐकून घेई.

आज तिने वाईट चालवायचे ठरवले होते. दोष तिच्या पायांवर गेला, तर शोध तिथेच थांबणार होता. तिने दुसऱ्या गिअरवर गाडी ताणली. क्लचवर पाय ठेवला. उगाच ब्रेक मारले.

“पाय काढ,” निरंजन शांतपणे म्हणाला.

“सवय झालीय रे. सगळे तेच सांगतात.”

“सगळे कोण?”

“ऑफिसमधले.”

तो समोरच्या पडद्याकडे पाहत होता. पंपावरून निघताना त्याने तिथला अ‍ॅव्हरेजचा आकडा शून्यावर आणला होता. आता तिथे सतरा दिसत होते.

“इतकं वाईट चालवून सतरा,” तो म्हणाला. “मग नऊ कसं पडतं?”

फाटा आला. मेधाने ऑफिसकडे वळण्यासाठी दिवा लावला. ऑफिसच्या फाटकाशी त्याला उतरवायचे, तो रिक्षाने गेला की मागे फिरायचे, असे तिने रात्रीच ठरवले होते.

“तिकडे नको. घोटावड्याकडे घे.”

“निरंजन, मला साडेनऊला मीटिंग आहे.”

“घे.”

तिने गाडी वळवली. पुढचे काही किलोमीटर ती निर्दोष चालवत राहिली. कुठे थांबायचे हे त्याने सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. आंब्याखाली गाडी उभी राहिली. इंजिन चालूच होते.

गोठ्यातून गंगूबाई शेणाची पाटी घेऊन बाहेर आली. म्हशी तिच्याच होत्या. “आली का घुरघुरणारी म्हस,” ती रोजच्यासारखी म्हणाली. “आमच्या म्हशी बी सावलीला गप बसत्यात, बाई. तुमचीच तेवढी बसत न्हाई.” मग वाकून तिने आत पाहिले. “आज मालक बी संगट हायेत व्हय? पाडव्याच्या आदी आल्तं तवा फटफटीवर हुतं. त्या तितं, वडाखाली, दुपारभर बसल्यालं. म्या चा इचारला, तर न्हाई म्हनलं.”

पाटी उकिरड्यावर उपडी करून ती आत निघून गेली.

मेधाने मनात आठवडे मोजले. हवेचे यंत्र पाडव्यानंतर आले होते. डिकी त्यानंतर रिकामी झाली. सर्व्हिस सेंटरच्या दोन्ही खेपा, रविवारचे सगळे धडे त्यानंतरचे. तिने स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले आणि नवऱ्याकडे पाहिले. तो आता विचारील, रागावेल, निदान एवढे दिवस का लपवलेस असे तरी म्हणेल; आणि तसे म्हणाला, तर ती सगळे सांगणार होती.

निरंजनने पट्टा सोडला. दार उघडले. बाहेरचे ऊन आत आले.

“मी फाट्यावरून रिक्षा करतो,” तो म्हणाला. “तू नेहमीच्या वेळी घरी ये. आणि बसतेस तेव्हा इंजिन बंद ठेवत जा.”