थंड चुलीची बोंब

"आता बोल!" झुराकान भिंतीवरच्या पांढऱ्या डबीला म्हणाली. "चूल कालपासून थंड आहे. आता कुणाच्या नावानं बोंबलतेस?"

डबी बोंबलतच राहिली.

सुनेनं, नुरजामालनं, ती बिश्केकहून आणून स्वतःच्या हातानं खिळ्यावर टांगली होती. कोळशाच्या चुलीतून म्हणे एक वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, माणूस आडवा होतो आणि झोपेतच जातो. डबी वाजली की दारं-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर पळायचं.

"या घरात झोपेत कुणी गेलं नाही," झुराकाननं तेव्हाच सुनावलं होतं. "जे गेले ते दारू पिऊन गेले."

सुनेनं त्यावर आणखी शहाणपण केलं होतं. "अपा, निखारे लाल असताना धुराड्याची झडप लावत जाऊ नका." ते मात्र झुराकानला झोंबलं. ज्वाळा बसल्या की झडप लावायची, नाहीतर सगळी ऊब आभाळाला वाटायची का? झुराकानच्या सासूनं या घरात आलेल्या प्रत्येक सुनेला पहिल्याच हिवाळ्यात हे शिकवलं होतं.

पण डबी वाजायला लागली. मग पोरगा एसेनबेकसुद्धा बायकोच्या सुरात बोलू लागला. अशीच वाजत राहिली तर बेगायला शहरात घेऊन जाऊ, म्हणाला.

बेगाय थोरली नात. थोरलं नातवंड आजीचं, ही रीतच होती. दूध सुटल्यापासून पोरगी झुराकानच्या कुशीत वाढली, तिलाच अपा, म्हणजे आई, म्हणायची. तिला न्यायची म्हणजे घरातला दिवाच काढून न्यायचा.

"चूल पेटवतच नाही," काल झुराकान पोराला फोनवर म्हणाली होती. "मग वाजली तर?"

"मग डबीच खोटी, अपा. बेगाय तुझ्याकडे राहील."

म्हणून सकाळपासून घर बर्फासारखं गार होतं. बेगाय रजयांच्या ढिगात शिरून बसली होती. "अपा, माझं नाक गार पडलं."

"मग नाकाला पळव. घसरगाडी घे आणि टेकडीवर फेऱ्या मार. अंग कसं तापतं बघ."

पोरगी गेली. तशी ती हिंडफिरीच. परवा कुठून तरी ओठांना लोणी लावून आली होती, आणि घरातलं लोणी तर केव्हाच संपलेलं. झुराकाननं विचारलं नव्हतं. काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या.

आता डबी बोंबलत होती आणि झुराकान जिंकली होती. तरी तिला चैन पडेना. तिनं चुलीत हात घातला. राख गार. मागच्या भिंतीला हात लावला. ती कोमट. नवऱ्यानं रचलेल्या विटा त्या, कालची ऊब आजही सोडत नाहीत! तिनं डबी काढून अंगणात नेली. डबी गप्प. घरात आणली. जरा वेळानं पुन्हा तेच. बाहेर शहाणी, घरात वेडी. अगदी सुनेसारखी. झुराकानचं डोकं ठणकायला लागलं. असल्या किंकाळीनं कुणाचं ठणकणार नाही?

ती डबी घेऊन अंगणात आली आणि तिनं फोन लावला. डबीचा निकाल बघायला निघालेले सून आणि पोरगा वाटेतच होते.

"थंड आहे?" नुरजामाल गोंधळली. "मग वाजते कशी?"

"ते तुझ्या डबीला विचार."

"अपा, बेगाय कुठे आहे?"

"टेकडीवर, बर्फात."

"बरं झालं. तुम्हीही बाहेरच थांबा."

मागून एसेनबेक हसला. "अपा, आम्ही कोचकोरला पोचलोय. पण खरं सांग, आम्ही येईपर्यंत तू चूल पेटवून विझवलीस तर? साक्षीला कोण?"

"साक्षीदार आणते!" झुराकाननं फोन ठेवला.

ठेवला खरा, पण साक्षीदार एकच होती. जाऊ. दोन भावांनी मिळून बांधलेल्या या घरात मधे एकच भिंत, ती चुलीमागची; पलीकडे सालकिन. तिच्याच खिडकीतून झुराकानचं धुराडं दिसायचं. आणि एका लग्नात मटणातलं मानाचं हाड थोरल्या जावेला, झुराकानला, सोडून सालकिनच्या ताटात पडल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं. ते हाड सालकिननं परत केलं नाही. वर चाखतमाखत खाल्लं.

पण बेगायसाठी झुराकान त्या हाडावरूनही पलीकडे जायला तयार होती. डबी कोटाच्या खिशात टाकून, डोक्याचा रुमाल नीट बांधून ती घराला वळसा घालून निघाली. थंड हवेत डोकं जरा हलकं झालं.

सालकिनच्या धुराड्यातूनही धूर नव्हता. झडप लावून गरम खोलीत बसली असेल बया. खिडक्यांच्या फटींत कापूस ठासलेला, काचांवर आतून वाफ.

"सालकिन! बाहेर ये! भांडायला नाही आले, साक्षीला आले!"

झुराकाननं दारावर थाप मारली.

"ऐकू येतंय तुला, मला ठाऊक आहे! तो मान तुझा, ते हाड तुझं, झालं? आता तरी ये!"

आत चमचासुद्धा वाजला नाही. एवढी शरण आल्यावरही ही ढिम्म? झुराकाननं चिडून दार ढकललं. ते बोटभर उघडलं. आतली ऊब तोंडावर आली आणि खिशातली डबी किंचाळायला लागली.

झुराकान गोंधळून खाली बघत राहिली. उंबऱ्याशी सालकिनचे रबरी जोडे होते. त्यांना टेकून, टाचा दाराकडे करून, बेगायचे ओले बूट उभे होते.