वंदनाचा चतुर

मनकर्णाबाईंनी घागर ओट्यावर मांडली, तेवढ्यात लष्कराची गाडी दारात येऊन थांबली.

उतरले ते अरविंदसाहेब, मनकर्णाबाईंच्या मुलीच्या, वंदनाच्या तुकडीचे प्रमुख. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला यायचे. यंदाचं तिसरं वर्ष.

"या, या! सणाच्या दिवशी बरोब्बर हजर," मनकर्णाबाईंचे यजमान पंडितभाऊ म्हणाले. राग त्यांनी लपवलाही नाही.

फोपनार गावात आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतात. भरली की त्या जिवाची तहान भागते, तो सुटतो. वंदनाच्या नावाची घागर दोन वर्षं आणली गेली आणि दोन्ही वर्षं कोरडीच राहिली. दोन्ही वेळा साहेबांनीच अडवलं होतं.

वर आकाशात वसाहतींचं पृथ्वीच्या राज्यात विलीनीकरण चालू होतं. बहुतेक ग्रहांवरच्या वसाहती सह्या करून मोकळ्या झाल्या होत्या, शनीकडच्या दोनच अडून बसल्या होत्या. तिथल्या लढाईत वंदना चतुर चालवायची. तापीवर उडणाऱ्या चतुरासारखंच ते यान, डोळ्याला दिसेपर्यंत पुढे निघून जाणारं, आणि इतकं नाजूक की एक गोळा लागला की खेळ खलास. काम एकच. सगळ्यांच्या पुढे जायचं आणि शत्रूच्या तोफा आपल्या अंगावर ओढून घ्यायच्या, म्हणजे मागच्या मोठ्या यानांना त्या कुठे आहेत ते कळतं. आता हे काय पोरीबाळींना द्यायचं काम आहे? पण वंदनाने हट्टाने घेतलं होतं. चौथ्या फेरीतून ती परत आली नाही.

"यंदा घागर भरणार," पंडितभाऊ म्हणाले. "बस, हो गया आता."

"भाऊ, तुमच्या हाती काय आलं सांगा. यानाचा तुकडा? तिचं हेल्मेट?" साहेबांचा आवाज मऊ होता. "काहीच नाही ना? मग जिवंत पोरीच्या नावाने घागर भराल?"

मनकर्णाबाईंच्या हातातला तांब्या तिथेच थांबला. जिवंत माणसाची घागर भरायची म्हणजे आपल्या हाताने त्याला मारायचं. कोणती आई करेल?

"पण साहेब, ती रोज सपनात येते हो," त्या म्हणाल्या. "म्हणते, आई, दमले गं. पाणी दे. माझा जीव तुटतो."

साहेबांनी मान खाली घातली. "आईचं मन आहे. असं होतंच."

"अजून किती पोरं घालणार त्या चतुरात?" पंडितभाऊ उसळले.

"एकही नाही. दोन वर्षांत आम्ही एकही नवी भरती केलेली नाही."

"अरे, मग चालवतं कोण?"

"जुनेच आहेत," साहेब म्हणाले आणि बशीतला चहा संपवला.

मनकर्णाबाईंच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "ऐकलंत का? जुने आहेत म्हणताहेत. म्हणजे टिकतात माणसं! आपली वंदीपण असेल कुठेतरी."

पंडितभाऊंनी बायकोकडे पाहिलं. असं हसताना त्यांनी तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांचा राग गळून गेला.

"तुझ्या मनासारखं कर, बाई," ते म्हणाले.

मनकर्णाबाईंनी तांब्यातलं पाणी परत रांजणात ओतलं आणि घागर पालथी घातली. साहेबांनी दोघांना हात जोडले. निघताना पुरणपोळीचा डबाही नको म्हणता म्हणता घेतला.

गाडी केळीच्या बागांपाशी आली तेव्हा त्यांनी वायरलेस उचलला.

"फोपनार झालं. घागर कोरडीच आहे. आता लोधीपुऱ्याच्या घरची घागर अडवायला जातो. उद्याच्या फेरीत वंदनाला सगळ्यांत पुढे ठेवा."

"साहेब, ती कालही जळाली," पलीकडून ऑपरेटर चाचरत म्हणाला.

"मग? मेल्यापासून रोजच जळते."

वायरलेस खरखरला. मग ऑपरेटरऐवजी एका मुलीचा दमलेला आवाज आला, "साहेब, आईने यंदाही घागर भरली नाही का?"