कमरेइतका समुद्र

"काकू, तुम्ही इथेच छत्रीखाली बसा. होडीपर्यंत कमरेइतकं पाणी आहे," आमच्या सहलीची गाइड म्हणाली.

द्वारकाताईंचा चेहरा पडला. तुर्कस्तानच्या या किनाऱ्यावर एक प्राचीन गाव भूकंपात बुडालं, त्याच्या पायऱ्या अजून पाण्याखाली दिसतात, एवढं ऐकूनच त्या इतक्या लांब आल्या होत्या. पण पाण्याची भीती लहानपणापासूनची. आजवर समुद्रात पाऊल म्हणून घातलं नव्हतं.

होडीत आधीच चढून बसलेले यजमान ओरडले, "अगं, चाळीस वर्षं कीर्तनातून लोकांना भवसागर पार करवतेस, आणि इथे घोटा भिजवायला घाबरतेस?"

सगळी होडी हसली. ताईही हसल्या. "अहो, ते मी काठावर उभी राहून सांगत होते!"

मग कीर्तनाला उभं राहताना खोचतात तसा त्यांनी पदर घट्ट खोचला आणि 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत त्या पाण्यात शिरल्या. पाणी गुडघ्याला लागलं तसा आवाज चढला, कमरेला लागलं तसा आणखी. वाळूत पहुडलेले गोरे पाहुणे उठून बसले आणि ठेक्यावर टाळ्या वाजवू लागले. इतक्यात एक लाट आली ती थेट तोंडात. ताई ठसकल्या, पण थांबल्या नाहीत.

नावाड्याने हात देऊन त्यांना होडीत वर ओढलं.

"काय, कसा काय वाटला समुद्र?" यजमानांनी विचारलं.

ताईंनी ओल्या पदराने तोंड पुसलं. "इतकी वर्षं नुसता खोल आहे म्हणून सांगितलं. खारट असतो, हे राहूनच गेलं की हो!"