दवंडीची वाट

"कोणाचा विरोध आहे का?" ग्रामसेवक भाऊसाहेबांनी विचारलं, आणि सरपंच मनिषाने पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं.

दारात चपला तेवढ्या होत्या, त्याही मोजक्याच. ग्रामसभेची वेळ झाली तेव्हा माणसं पुरेशी नव्हती, म्हणून सभा तहकूब झाली. मग चहा झाला आणि तीच सभा पुन्हा भरली, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. गावाला आता ही सवयच जडली होती. पहिल्या सभेला कोणी येत नाही आणि दुसरीला कोणाची गरज पडत नाही.

विषय बावीचा होता. सुकापूरकडून येणारा रस्ता नव्या रहिवासी टॉवरपर्यंत रुंद करायचा आणि वळणावरची गावची बाव, म्हणजे जुनी विहीर, बुजवायची. या गावात नवी सून आधी त्या बावीवर जाते, कळशी भरते आणि मगच सासरचा उंबरठा ओलांडते. घरोघर नळ आले तरी ही रीत कोणी मोडली नव्हती. मनिषाही तशीच आली होती. तेव्हा तिच्या हातात दोर देणारी कृष्णाबाई होती.

बाव वाचावी असं मनिषाला मनापासून वाटत होतं. पण ठराव तिच्याच पॅनेलने आणलेला. सरपंचाने उठून आपल्याच लोकांना विरोध करायचा म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. गावातल्या एकाने जरी हरकत घेतली असती, तरी तिला विषय पुढच्या सभेवर टाकता आला असता. ती हरकत कृष्णाबाई घेणार होती. बावीच्या काठावर बसून दोघींचं तसं ठरलंही होतं. भाऊसाहेब काय विचारतात, हात कधी वर करायचा, सगळं मनिषाने तिला समजावून सांगितलं होतं.

"आजी नाही आल्या?" तिने पुढच्या खुर्चीवरच्या परेशला विचारलं. परेश कृष्णाबाईचा नातू.

"घरीच हाय," तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

मनिषाला काय ते कळलं, किंवा कळलं असं वाटलं. बाव बुजवायचं काम परेशच्या जेसीबीला मिळणार, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. शेवटी आपलेच दात आणि आपलेच ओठ. म्हातारीने नातवाकडे पाहिलं, दुसरं काय! तिला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मनिषाला राग येतो. कोणाला तरी पाठवून आजीला बोलावून घ्यावं, हे त्या रागात सुचलं नाही. तिने भाऊसाहेबांकडे पाहून मान हलवली.

"विरोध नाही. ठराव मंजूर," भाऊसाहेब म्हणाले.

सभा आटोपल्यावर ती घरी न जाता कृष्णाबाईच्या आळीकडे वळली. म्हातारीला दोन शब्द सुनवल्याशिवाय तिला जेवण गोड लागणार नव्हतं.

कृष्णाबाई ओट्यावर बसली होती. अंगावर लग्नाकार्यातलं हिरवं लुगडं, केसांत अबोलीची वेणी. चपला पायाशी सरळ लावून ठेवलेल्या.

"ये गो," ती म्हणाली. "मी कवाची तयार बसलेय. दादूची दवंडी अजून आली नाय."

मनिषा होती तिथेच थांबली.

दादूची दवंडी बंद करून वर्ष झालं होतं, पण सभेला कधी न जाणाऱ्या आजीला ते कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या थाळीच्या आवाजाची टॉवरवाल्यांनी तक्रार केली होती, आणि मनिषानेच म्हटलं होतं, सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, ग्रुपवर टाकलं की झालं. या सभेचा मेसेजही तिनेच टाकला होता. खाली आलेले अंगठे बघून गावाला खबर लागली म्हणून निश्चिंत झाली होती. बावीच्या काठावर सभेचा दिवस सांगितला तेव्हा आजी म्हणाली होती, "दवंडी आली का मी आलीच समज." आणि मनिषाने मान डोलावली होती. ऐकलं होतं कुठे?

"परेश काही बोलला नाही?" तिने कसंबसं विचारलं.

"त्यो कुठं बोलतंय माज्याशी. मी त्याला सांगितलाय, तुजी मशीन आमचे बावीवर चालाची नाय. तवापासून जेवाय पन वेगला बसतंय."

मनिषाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्यावर ती संशय घेऊन आली होती, त्या बाईने बावीसाठी घरातला एकुलता एक नातू तोडला होता.

"आजी, सभा…"

"पुडं ढकलली ना? मना वाटलाच." कृष्णाबाईचा चेहरा उलट खुलला. "बरा झाला. एवऱ्या मानसांत मी कदी बोललेली नाय, भ्या वाटत व्हता. बस. आन इचार मना, त्यो भाऊसाहेब इचारतंय तसा."

"काय विचारू?"

"कोनाचा इरोध हाय का, तसा. तूच शिकवलास ना गो?"

सांगून टाकावं, असं मनिषाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हातारी शाळेतल्या पोरीसारखी तिच्या तोंडाकडे बघत होती. मनिषाने ओट्याच्या खांबाला हात टेकला.

"कोणाचा विरोध आहे का?"

कृष्णाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. तिने पदर खांद्यावर नीट घेतला, चपला पायात घातल्या आणि हात वर केला.

"माजा हाय."