लिफ्ट सुरू झाल्यावर

पत्रकारिता शिकता शिकता ती एका स्थानिक साप्ताहिकात बातमीदारीचे धडे गिरवत होती. लिफ्ट बंद असल्यामुळे तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलेल्या एकट्या आजोबांवरची तिची बातमी छापून आली आणि इतके महिने ढिम्म असलेली सोसायटी खडबडून जागी झाली. लिफ्ट सुरू झाली. पहिलीच बातमी आणि तीही कामी आली, त्यामुळे स्वारी हवेतच होती. आजोबांचा आनंद टिपायला संपादकांनी पुन्हा पाठवलं, तेव्हा ती ऐटीत लिफ्टनेच वर गेली.

आजोबांनी दार उघडलं. दाराशीच खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, सगळ्या रिकाम्या.

"आता खाली फिरायला जात असाल ना, आजोबा?"

"गेलो होतो एकदा. खाली ओळखीचं कोण आहे गं? वरच्या मजल्यांवरची माणसं जिना चढून दमली की इथेच टेकायची. पाणी प्यायची, घरातल्या कागाळ्या सांगायची. आता लिफ्टमधून भुर्रकन वर जातात." ते घाईने म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही हो, बाळ. छानच लिहिलं होतंस."

आपण चांगलं केलं की वाईट, हेच तिला कळेना. तेवढ्यात संपादकांचा फोन आला.

"खूश आहेत ना आजोबा? फोटो आणि दोन ओळी लगेच पाठव."

तिने मोबाइल समोर धरला. आजोबांनी केसांवरून हात फिरवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि विचारलं, "हसू का गं?"