हलू नकोस

“हलू नकोस,” यशया म्हणाला आणि त्यानं कागदावरचं तोंड पुन्हा खोडलं.

समोर खुर्चीत त्याची बायको एलिझाबेथ बसली होती. दिवस भरत आले होते. केडगावच्या शाळेतल्या या चित्रकलेच्या मास्तराला काचेची मूर्ती करायची होती: पोटातल्या बाळानं उसळी मारली, तेव्हाचा आईचा आनंद. एका कारखान्यानं भट्टी वापरू द्यायचं कबूल केलं होतं. आधी कागद, मग माती, मग साच्यात वितळलेली काच. काच ओतल्यावर खोडरबर चालत नाही, म्हणून त्याची सगळी मारामारी कागदावरच चालली होती. अशा वेळी मास्तरला घरदार दिसत नसे.

पोट झकास उतरलं होतं. चेहराच बिनसत होता. जमिनीवर कागदांचा ढीग झाला होता आणि त्यातली एकही बाई आनंदात नव्हती.

“जरा हसऱ्या तोंडानं बघ ना. अशी भेदरल्यासारखी काय बघतेस?”

लांब दुष्काळी कामावर सुरुंग उडाला, खिडकीची तावदानं थरथरली. एलिझाबेथनं दोन्ही हात पोटावर दाबून धरले.

“हात खाली घे. हलू नकोस म्हटलं ना.”

“अहो,” ती हळूच म्हणाली, “रोज सुरुंग उडाला की ते आतनं दचकतं. आज न्हाई दचकलं.”

“झोपलं असेल.”

“सकाळधरनं हललंच न्हाई. तुमी सारखं हलू नको, हलू नको म्हणताय. त्यानंच ऐकलं की काय?”

यशयानं पेन्सिल खाली ठेवली. जमिनीवरचे कागद पाहिले. चेहरा बिनसला नव्हता. सकाळपासून तो बरोबरच काढत होता, आणि खोडत होता.

गुडघे टेकून त्यानं तिच्या पोटाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. त्याला फक्त स्वतःच्या छातीची धडधड ऐकू आली. तो फार भ्याला.

“टांगा आणतो. दवाखान्यात जाऊ,” चपला शोधत तो म्हणाला. “तू इथंच बस. अजिबात हलू—”

एक पाय उंबऱ्याबाहेर होता. पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघेना.